दिवा हिरवा, लॅपटॉप ढिम्म

दिवाळीला किनवटला घरी गेले होते. मुंबईहून नंदिग्राम एक्स्प्रेसने रात्रभर हाडं खिळखिळी करून घेतली होती, त्यामुळे प्लॅन एकच होता : चिवडा, झोप, चिवडा. पण दुसऱ्याच दिवशी ताईने माळ्यावरून जुन्या साडीत गुंडाळलेला लॅपटॉप काढला. २००६ सालचा. काळा, जाडजूड, पाट्यासारखा वजनदार.

‘‘भंगारात द्यायचाय?’’ मी विचारलं.

‘‘ह्यात आजी आहे,’’ ताई म्हणाली.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ताईने आजीच्या जात्यावरच्या ओव्या ह्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड केल्या होत्या. ‘सीडीवर टाकू की नंतर’ म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. आजी २०११ मध्ये गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

बटण दाबलं. ढिम्म! लाइट नाही, पंख्याचा आवाज नाही, काही नाही.

गावातल्या रिपेअरवाल्याने उलटसुलट करून निकाल दिला, ‘‘मदरबोर्ड गेला. आता नवाच घ्या.’’ ताईचा चेहरा पडला. मी मात्र हट्टाला पेटले. म्हटलं, सगळ्यात महाग पार्ट गेलाय असं मानण्याआधी स्वस्तातलं तपासू. म्हणजे भिंतीपासून सुरुवात करायची आणि लॅपटॉपपर्यंत यायचं.

आधी सॉकेट. त्यात मोबाइलचा चार्जर लावला, चालला. मग बॅटरी. जुन्या लॅपटॉपचं हे सुख असतं, खालचा खटका सरकवला की बॅटरी हातात. (फुगलेली असेल तर परत लावायची नाही. दाबायची, टोचायची तर मुळीच नाही.) बॅटरीही नाही आणि चार्जरही नाही, अशा अवस्थेत पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, म्हणजे आत अडकलेला करंट निघून जातो. मग नुसता अ‍ॅडॅप्टर लावला. तरीही ढिम्म.

बाबांच्या इलेक्ट्रिशियन मित्राकडून मल्टिमीटर आणला. अ‍ॅडॅप्टरच्या लेबलवर १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर लिहिलेलं. मीटरवरही बरोबर १९! म्हणजे अ‍ॅडॅप्टर ठणठणीत, असंच कोणालाही वाटेल. मलाही वाटलं. पण ताईचं लक्ष गेलं, ‘‘अगं, पिन घातली की ह्याचा हिरवा दिवा विझतोय.’’

इथेच खरी गोम होती. काम नसताना १९ व्होल्ट कोणताही अ‍ॅडॅप्टर दाखवेल, लोड आला की टिकतो का, हा प्रश्न! (ऑफिसात अशी माणसं भेटतातच.) दिवा विझण्याची कारणं दोन. एक तर अ‍ॅडॅप्टर म्हातारा झालाय, आतले कपॅसिटर सुकलेत. नाही तर लॅपटॉपमध्येच शॉर्ट आहे. फैसला करायचा तर तशाच रेटिंगचा दुसरा अ‍ॅडॅप्टर हवा.

‘तशाच’ हा शब्द महत्त्वाचा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात आणि पिनचं प्लस-मायनसचं चिन्ह जुळलं पाहिजे. पिन बसली म्हणून लावला, असं करू नका. आयबीएमच्या थिंकपॅड टी ४२ ला १६ व्होल्ट लागायचे, नंतरच्या टी ६० ला २०. घराणं एक, भूक वेगळी.

कॉम्प्युटर क्लासवाल्या काकांच्या ड्रॉवरमधल्या वायरींच्या गुंत्यात एक १९ व्होल्टचा सापडला. लावला. हिरवा दिवा टिकला. बटण दाबलं. पंखा घुरघुरला! मदरबोर्ड धडधाकट होता, गेला होता फक्त अ‍ॅडॅप्टर.

आधी सगळ्या ओव्या पेनड्राइव्हवर घेतल्या, मग ताईच्या आणि माझ्या लॅपटॉपवर. मगच ऐकायला बसलो. जात्याची घरघर, आजीचा आवाज आणि मध्येच लांबून बाबा ओरडतात, ‘‘लाइट गेली गं!’’ लोडशेडिंगचे दिवस ते, लाइट जायची ती तासनतास. पण आजी थांबत नाही. आणि तेव्हा बॅटरी नवी होती, म्हणून लॅपटॉपही थांबलेला नाही.

बाबा उठून अंगणात गेले. आम्ही आवाज थोडा वाढवला.

तुमच्याही माळ्यावर असेल तर...

• अ‍ॅडॅप्टर फोडून बघू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असू शकतात.

• पिन हलवली की दिवा लागतो-विझतो? मग लॅपटॉपचा जॅक सैल झालेला असू शकतो. तो बदलून मिळतो.

• लाइट आल्या आल्या प्लग लावू नका, व्होल्टेज स्थिर होऊ द्या.

• लॅपटॉप उठलाच नाही, तरी हार्ड डिस्क शाबूत असू शकते. ती काढून यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. फक्त केबल घेताना डिस्क दाखवा, जुनी डिस्क आयडीई पिनांची असू शकते.

• आणि ‘नंतर कॉपी करू’ म्हणू नका. आजच करा.