कासांजेचा कापूस

अंगोलाचा मुक्तिलढा फेब्रुवारी १९६१ मध्ये लुआंडाच्या तुरुंगावरील हल्ल्याने सुरू झाला, असे लिहिले जाते. पातूरच्या कास्तकाराने आणखी एक महिना मागे जावे. त्या जानेवारीत कासांजे खोऱ्यातील शेतकऱ्यांनी कापूस पेरण्यास नकार दिला. तेथे पेरा सक्तीचा, खरेदीचा मक्ता एकट्या कोटोनांग कंपनीचा आणि भाव अर्थातच तिच्या मर्जीचा. (वऱ्हाडी कापसाचा भावही एके काळी लिव्हरपूलच्या बाजारावर हाले, हे आपण विसरलो काय?) सालाझारच्या सरकारने त्या गावांवर विमानांतून बॉम्ब टाकले. याच सरकारने १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सीमेवर आपल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या होत्या.

गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला. अंगोलाला ११ नोव्हेंबर १९७५ पर्यंत लढावे लागले आणि त्यानंतरची यादवी २००२ पर्यंत चालली. तिचे खापर आफ्रिकनांच्या ‘अपरिपक्वते’वर फोडणारे विद्वान वॉशिंग्टन, मॉस्को आणि प्रिटोरिया यांनी तेथे ओतलेली शस्त्रे सोयीस्करपणे मोजत नाहीत.

४ जानेवारीस अंगोलात कासांजेच्या हुतात्म्यांचे स्मरण केले जाते. आपल्या शाखांनीही तो दिवस पाळण्यास हरकत नसावी. निदान कापसाच्या मुलखातील शाखांनी तरी.