अर्धं तिकीट, पण कुठल्या गाडीचं?



१७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट लागतं. साधी लालगाडी असो, निमआराम असो की शिवनेरी, राज्यात कुठंही जा, बाईमाणसाला भाडं निम्मं. 'महिला सन्मान योजना' हे नाव मला फारसं रुचलेलं नाही. सन्मान म्हणून दिलेली गोष्ट देणाऱ्याच्या मनात आलं की परत घेता येते, हे आपल्याला घरातूनच ठाऊक असतं. पण नावाचं राहू द्या. या अर्ध्या तिकिटानं किती बायका घराबाहेर पडल्या हे एसटीत बसणाऱ्या कुणालाही दिसतं. माहेर, दवाखाना, कोर्टाची तारीख, बचत गटाचं प्रशिक्षण. "एवढे पैसे घालवून जायची काय गरज?" या प्रश्नाशी जी उंबऱ्यातच अडायची, तिला निदान एक उत्तर मिळालं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक म्हणाले की महिला आणि ज्येष्ठांच्या सवलतींमुळे एसटीला दिवसाला तीन कोटींचा तोटा होतो. गदारोळ झाला, आणि सवलत बंद होणार नाही असा खुलासा उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना करावा लागला. मला खटकला तो 'तोटा' हा शब्द. सवलतीची रक्कम सरकारनं महामंडळाला भरून द्यायची असते. निर्णय सरकारचा, देणं सरकारचं, महामंडळही सरकारचंच. हिशोबात खड्डा पडला की बोट मात्र खिडकीशी बसलेल्या बाईकडे! घरखर्च वाढला की आधी बाईची पिशवी उलटी करून बघायची, त्यातलाच हा प्रकार.

तरीही आज मला सवलतीची वकिली करायची नाही. कर्जत आणि खालापूरच्या वाड्यांतून पाहिलं तर या धोरणातली एक गोष्ट ठळक दिसते, आणि तिच्याबद्दल आपल्या चळवळीतही पुरेसं बोललं जात नाही.

सवलतीचा पैसा तिकिटामागे मिळतो. तिकीट फाटलं तर सरकार उरलेले निम्मे पैसे भरणार. जिथं गाडीच नाही तिथं तिकीट फाटत नाही, म्हणजे सरकारचा एक पैसाही तिथं पोचत नाही. उलट जितका लांबचा आणि महागाचा प्रवास, तितकी सरकारची भर जास्त. दादरहून शिवनेरीनं पुण्याला निघालेल्या बाईच्या एका फेरीत सरकार दोनशे रुपयांच्या वर घालतं. ती गाडी खालापूर तालुक्यातूनच जाते. त्या बाईला मिळू नये असं मी म्हणत नाही, तीही आपलीच आहे. पण त्याच रस्त्याच्या कडेला डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चालणाऱ्या कातकरी बाईच्या वाट्याला या योजनेतून शून्य येतं, आणि ते कुठल्या हिशोबातही दिसत नाही.

पावसाळ्यातल्या एका बैठकीत आम्ही बायकांना एवढंच विचारलं, की काल तुम्ही कुठं कुठं गेलात ते सांगा. सुरुवातीला सगळ्या म्हणाल्या, "कुठं नाय." मग हळूहळू एकेक निघायला लागलं. कशेळ्याच्या पलीकडच्या वाडीतली ठाकर बाई पहाटे शेवळं आणि टाकळा टोपलीत भरून डांबरी रस्त्यापर्यंत उतरली होती. तिथून मिनीडोरनं नेरळ, टोपलीचे पैसे वेगळे. नेरळहून लोकलनं कल्याण. भाजी संपली की उलटं तसंच, फक्त परतीची मिनीडोर भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून स्टेशनबाहेर तासभर बसणं. दुसरी एका फार्महाऊसवर स्वयंपाकाला जाते. तिनं मुलाला अंगणवाडीत सोडलं, रेशनच्या दुकानात डोकावली, मग कामावर, सगळं पायी. तिसरीला पोटगीच्या कामासाठी अलिबागला जायचं होतं. खोपोली, पेण, अलिबाग असं गाड्या बदलत. सकाळची पहिली गाडी पकडायला ती आदल्या रात्रीच कर्जतला नात्यातल्या कुणाकडे मुक्कामाला आली होती. नवऱ्याच्या घरच्यांनी त्या मुक्कामावरूनही बोल लावला, ते वेगळंच.

"कुठं नाय" म्हणणाऱ्या या बायका एका दिवसात इतकं फिरल्या होत्या. यातला किती प्रवास सरकारदरबारी मोजला जातो? २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचं अंतर किती आणि तिथं कशानं जाता, हे विचारलं होतं. पण तो प्रश्न फक्त 'इतर कामगारां'साठी होता. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणाऱ्यांना तो विचारायचाच नव्हता. म्हणजे आवणीला दुसऱ्या गावात जाणारी बाई त्यात नाही. पाण्याला, सरपणाला, दवाखान्यात जाणारी तर नाहीच, कारण ते काम नव्हे! २०२७ साठी जाहीर झालेल्या जनगणनेत हा प्रश्न कुणाला विचारला जातो त्याकडे आपण डोळे लावून बसलं पाहिजे.

न मोजलेल्या गोष्टीला पैसा मिळत नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात एक फार चांगलं तत्त्व मांडलेलं आहे, की वाहनं हलवण्यापेक्षा माणसं हलवण्याचा विचार करा. पण ते धोरण नावाप्रमाणे नागरी. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं पीएम ई-बस सेवा मंजूर केली, १६९ शहरांमधून १०,००० विजेच्या बसगाड्या, खर्च ५७,६१३ कोटी. ती मुख्यतः तीन लाखांवर लोकवस्तीच्या शहरांसाठी. त्यात खोपोली बसत नाही, कर्जत तर नाहीच. प्रदूषण कमी करायचं, इंधन वाचवायचं, हे मला मनापासून पटतं. पण आयुष्यभर पायी चाललेल्या आणि एका मिनीडोरमध्ये बाराजणींनी दाटीनं बसून गेलेल्या बायकांनी हवा कधी बिघडवली होती? पर्यावरणपूरक प्रवासाचं बक्षीस द्यायचंच असेल तर यादीत पहिलं नाव त्यांचं हवं.

आता पैसा जातो कुठं, तेही आपल्या दारातच दिसतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. खालापूरच्या शेतांमधून तो गेला, पण त्याच्यावर पायी चालायला, दुचाकी-तीनचाकी न्यायला बंदी. खोपोलीपासून कुसगावपर्यंतचा सुमारे १३ किलोमीटरचा 'मिसिंग लिंक' हाती घेतला तेव्हा खर्च धरला होता ६,६९५ कोटी. कशासाठी? घाटातली वीस-पंचवीस मिनिटं वाचावीत म्हणून. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच वेशींवरचा हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. त्या माफीला कुणी दिवसाचा तोटा म्हणून दोष दिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

रेल्वेचं थोडं वेगळं आहे. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला, २९.६ किलोमीटर, २,७८२ कोटी. मोहोपे, चिखले, चौक ही मधली स्टेशनं. हा पैसा योग्य जागी आहे असं मला वाटतं. पनवेलच्या बाजूला कामाला जाणाऱ्या कितीतरी मुलींना कल्याण-ठाण्याचा वळसा चुकेल. पण चौक स्टेशनपासून वाडीपर्यंत काय, हा प्रश्न कुठल्याच आराखड्यात नाही. चौकजवळच इर्शाळगडाच्या पोटाशी इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तिच्यावर डोंगर आला. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. गाडीरस्ता नसल्यामुळे मदतीची यंत्रं वर चढू शकली नाहीत, बचाव पथकं पायी गेली. ती पायवाट किती लांब आणि किती उभी आहे याच्या बातम्या मग आल्या. त्या वाडीतल्या बायका बाजाराला, दवाखान्याला त्याच वाटेनं उतरत-चढत होत्या.

एसटी तोट्यात आहे हे खोटं नाही. जून २०२५ च्या श्वेतपत्रिकेत संचित तोटा १०,३२४ कोटींचा सांगितला आहे. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, म्हणजे आपल्या अर्ध्या तिकिटातलाही थोडा भाग परत गेला. याच एसटीकडून सरकार तिकिटामागे साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आलं आहे. एका हातानं कर घ्यायचा, दुसऱ्या हातानं सवलत भरायची आणि मधल्या मध्ये तोट्यातली फेरी बंद करायची. तोट्यातली फेरी म्हणजे कुठली? दुपारची, संध्याकाळची, आडगावाची, सहा बायका आणि चार शाळकरी मुली बसलेली. पाचवीपासून पुढच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावानं मोफत पास आहे. शाळा सुटते तेव्हा गाडी नसेल तर तो पास दप्तरातच राहतो, आणि दहावीनंतर "रोज अंधारात कोण आणायला जाणार?" म्हणून शिक्षण थांबतं. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या संपाच्या काळात हे गावोगाव दिसलं. कर्मचाऱ्यांच्या मागण्या रास्त होत्या, असं मी आजही म्हणेन.

तमिळनाडूनं मे २०२१ पासून बायकांचा प्रवास मोफत केला, पण फक्त साध्या टाउन बसमध्ये. तिथल्या टाउन बस आसपासच्या खेड्यांपर्यंतही जातात. रोज कामाला, बाजाराला जाणारी बाई ज्या गाडीत बसते तिथं पैसा लावला. आपल्याकडे सवलत सगळ्या गाड्यांना मिळाली आणि साधी गाडी वाढवण्याचं मात्र राहिलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की सवलत आहे तशी राहू द्या, आणि तिच्याशेजारी फेरीचा पैसा वेगळा द्या. वाडीवस्तीच्या गाडीला चाललेल्या किलोमीटरमागे राज्याच्या अंदाजपत्रकातून रक्कम मिळावी, तिकिटं किती फाटली हे न बघता. तसं झालं तर आगार व्यवस्थापकाला ती फेरी बंद करण्याचं कारण उरणार नाही. जिथं एसटी वळतच नाही अशा अरुंद रस्त्यांवर मिनीडोर-इकोवाल्यांना वेळापत्रक बांधून द्या आणि त्यांच्याकडचं अर्धं भाडं सरकारनं भरावं. हे सोपं नाही, मला माहीत आहे. गाडीवाल्यांशी बोलताना आमच्यातच दोन तट पडले. काहींच्या मते यातून एसटीचं खासगीकरण मागच्या दारानं येईल. ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण स्टेशनबाहेर टोपली घेऊन बसलेल्या बाईला तोवर काय सांगायचं?

सध्या आम्ही एक वही केली आहे. वाडीचं नाव, डांबरी रस्ता किती लांब, शेवटची गाडी किती वाजता, बायकांना ती किती वाजता हवी, आणि भाडं. ग्रामसभेत ठराव मांडताना ही वही सोबत असेल. मुरबाड, पेण, सुधागडच्या मैत्रिणींनी आपापली पानं पाठवावीत. वेळ लिहिताना फक्त शाळेची आणि नोकरीची लिहू नका. बाजाराची, दवाखान्याची, तारखेची, माहेरची, सगळी लिहा.