खिशांतलें ग्रंथालय

राहात्याच्या पंचक्रोशींतील एका शाळेच्या समारंभास जाण्याचा योग आम्हांस नुकताच आला. एका वक्त्यानें भाषणाच्या ऐन भरांत खिशांतून मोबाइल काढला, तो श्रोत्यांपुढें उंच धरला आणि सांगितलें कीं, साऱ्या जगाचें ग्रंथालय आतां या खिशांत आलें आहे. पुस्तकांचीं कपाटें यापुढें केवळ वाळवीच्या उपयोगाचीं! टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हींहि शिष्टाचारास अनुसरून दोन टाळ्या वाजविल्या, आणि त्या दोन टाळ्यांचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहों. कारण तो उद्गार एकट्या त्या वक्त्याचा नव्हता. संस्थाचालक, पालक आणि, सांगण्यास संकोच वाटतो, आमचे कित्येक व्यवसायबंधु हेंच बोलूं लागले आहेत. व या बोलण्याची पहिली कुऱ्हाड ग्रंथखरेदीच्या रकमेवर पडत आहे.

प्रथमच सांगून टाकतों कीं, आम्ही यंत्राचे वैरी नाहीं. छपाईची कला महाराष्ट्रांत नवी होती त्या काळीं, शाईंत चरबी असते म्हणून छापील पोथीला शिवूंहि नये असें म्हणणारे लोक होते, आणि त्यांच्या समाधानासाठीं गणपत कृष्णाजींना शाईंत तूप घालावें लागलें, ही गोष्ट वाचकांस ठाऊक असेलच. त्या मंडळींच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाहीं. पूर्वी राहात्यासारख्या गांवीं एखाद्या जुन्या शब्दाचा मागोवा घ्यावयाचा तर मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशासाठीं नगरची किंवा पुण्याची वाट धरावी लागे. आज तो कोश आणि मराठी विश्वकोश हे दोन्ही घरबसल्या क्षणांत उघडतात. अंध विद्यार्थ्यास पुस्तक वाचून दाखविणारें यंत्र म्हणजे तर साक्षात् मित्रच. हे उपकार विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

मग वाद कोठें आहे? आमच्या मतें ग्रंथाचे उपयोग दोन आहेत. कांहीं ग्रंथ आपण पाहतों आणि कांहीं वाचतों. कोश, पंचांग, गॅझेटियर हे पाहण्याचे ग्रंथ. हवें तें सापडलें कीं ते मिटावे. परंतु व्याकरण, भूमिति, तर्कशास्त्र, इतिहास हे विषय नुसते पाहून येत नाहींत. तेथें पहिल्या प्रकरणाचें बोट धरूनच दुसऱ्यांत जावें लागतें. अडलें कीं चार पानें मागें यावें लागतें. एका वाक्यावर घटकाभर थांबावें लागतें. पाहण्याच्या कामीं ई-पुस्तक छापील पुस्तकाच्या शंभर पावलें पुढें आहे. वाचण्याच्या कामीं, निदान शिकण्याच्या वयांत, तें मागें आहे. पाहण्यांतील नफा वाचण्याच्या खात्यावर जमा करणें, हा त्या वक्त्याच्या हिशेबांतील घोटाळा आहे.

हें उतारवयाचें रडगाणें आहे असें कोणी म्हणेल, म्हणून प्रमाण देतों. इ. स. २००० ते २०१७ या काळांतील ५४ अभ्यासांचा, म्हणजे एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचकांचा, एकत्र विचार २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसून आलें कीं, कागदावर वाचणारांस मजकूर पडद्यावर वाचणारांपेक्षां अधिक समजतो. वेळेचें बंधन असलें म्हणजे हें अंतर वाढतें. आणि पडद्याचा सराव वाढत गेला म्हणून तें वर्षानुवर्षें कमी झालें असेंहि नाहीं, उलट वाढलें. न्यायासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, तें अंतर फार मोठें नव्हतें, आणि निव्वळ कथा वाचतांना तें आढळलें नाहीं. माहितीच्या व अभ्यासाच्या लेखनांत आढळलें. पण शाळा-महाविद्यालयांत मुलें वाचतात तें बहुतांशीं याच दुसऱ्या जातीचें असतें! शाळांत पडदे नेण्यांत जो देश अग्रेसर होता, त्या स्वीडनच्या सरकारनें २०२३ सालीं मुलांच्या हातीं पुन्हां छापील पुस्तकें देण्यासाठीं निराळा पैसा मंजूर केला. ज्या पंक्तींतून ते हात धुऊन उठले, त्याच पंक्तींत आपण आज पाट मांडून बसत आहों.

आमच्या वर्गांतील अनुभव याहून निराळा नाहीं. काल वाचलेला एखादा मुद्दा विचारला, तर छापील पुस्तकाचा विद्यार्थी म्हणतो, "सर, तें डाव्या पानावर खालच्या अंगास होतें," आणि पान उघडून बोट ठेवतो. मोबाइलवर वाचणारास आपण तें वाचलें एवढें आठवतें. काय वाचलें तें मात्र पुन्हां शोधावें लागतें, आणि शोधतां शोधतां दुसरेंच कांहींतरी उघडतें. स्मृति जागेला धरून राहते, आणि सरकत्या मजकुराला जागाच नसते. राहात्याहून दोन कोसांवर शिर्डीस श्रावणांत श्रीसाईसच्चरिताचें पारायण होतें. दाभोलकरांची ती पोथी मोबाइलवर फुकट मिळते. तरी हजारों वाचक छापील पोथी पुढें ठेवूनच बसतात. एकाग्रतेला आसन लागतें, ही गोष्ट त्या भाविकांस कळते. शिक्षणतज्ज्ञांस ती कां कळूं नये?

यंत्राचा योग्य उपयोगहि महाराष्ट्रानेंच दाखविला आहे. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पुस्तक हद्दपार केल्याबद्दल नव्हे. छापील धड्याशेजारीं क्यूआर कोड देऊन त्यांनीं चित्र व ध्वनि यांना पुस्तकाच्या सेवेस जुंपलें. पुस्तक धनी राहिलें, यंत्र चाकर. पुढें २०२३ सालीं बालभारतीच्या पुस्तकांत पाठांशेजारीं टिपणांसाठीं कोरीं पानें आलीं. दप्तराचें ओझें हलकें व्हावें हा हेतु सफळ झाला नाहीं, मुलें वह्या आणीतच राहिलीं, आणि २०२५ सालीं शासनानें तीं पानें काढून टाकण्याचें ठरविलें. योजना फसली, पण मुलानें लेखणी घेऊन पुस्तकांत उतरावें, हें तिच्या मुळाशीं असलेलें तत्त्व फसलें नाहीं. जो समासांत लिहितो, तोच खरा वाचतो.

प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा गरिबीचा आहे. ई-पुस्तक फुकट, म्हणून तें गरिबाचें, असें म्हणतात. पण मोबाइल फुकट कोठें आहे? शेतकऱ्याच्या घरीं बरासा मोबाइल बहुधा एकच. तो बापाच्या खिशांत, आणि बाप पेरूच्या बागेंत. २०२० च्या मार्चांत शाळा बंद झाल्या, तेव्हां कोणाचीं मुलें शिकलीं आणि कोणाचीं ‘रेंज’ शोधीत माळावर फिरलीं, हें आमच्या तालुक्यास सांगण्याची गरज नाहीं. सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांस छापील पाठ्यपुस्तक मोफत मिळतें. गरिबाचें खरें हित तेथें आहे. पुढच्या इयत्तांचें पुस्तक थोरला भाऊ धाकट्यास देतो, धाकटा तें निम्म्या किमतीस शेजाऱ्यास विकतो, आणि समासांतील टिपणें तिसऱ्याच्या उपयोगीं पडतात.

ई-पुस्तकाची अशी वांटणी होत नाहीं, कारण विकत घेतलेलें ई-पुस्तक बहुधा आपलें नसतेंच. २००९ सालीं अ‍ॅमेझॉननें ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या कांहीं प्रती ग्राहकांच्या किंडलवरून दूर बसून पुसून टाकल्या. २०१९ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपलें ई-पुस्तकांचें दुकान मिटलें, तेव्हां विकलेलीं पुस्तकेंहि त्याबरोबर गेलीं. पैसे परत मिळाले. पण घरांतील कपाटांतून पुस्तक असें नाहींसें झालें असतें, तर आपण चोर आला असें म्हटलें असतें. आमच्याच जिल्ह्यांत नेवाशास शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ती आज आपल्यापर्यंत आली आहे ती नकला हातोहात गेल्या म्हणून. कोणा दुकानदाराच्या परवानगीनें नव्हे.

आतां कपाटांकडे वळूं. आमच्या माहितीच्या एका ग्रामीण महाविद्यालयाच्या अहवालांत ई-पुस्तकांचा आंकडा लाखांच्या घरांत छापलेला आहे. तपासणीस येणारे लोक तो वाचून संतुष्ट होतात. पण त्या लाखांत मराठी किती? शोधूनहि हातीं लागत नाहींत. बहुतेक सारीं पुस्तकें इंग्रजी. मराठींतून शिकून आलेल्या मुलास तें भांडार म्हणजे कुलूप लावलेली कोठी. नवें मराठी पुस्तक त्याच्यापर्यंत येतें तें चोरट्या नकलेच्या रूपानें, आणि त्यांत लेखक व प्रकाशक दोघेहि बुडतात. शिवाय पुष्कळांचें वाचन म्हणजे मूळ ग्रंथ नव्हेच. परीक्षेच्या आदल्या रात्रीं मोबाइलवर आलेलीं दहा पानांचीं टिपणें! येथें दोष मुलांवर लोटून मोकळें होण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. तीं टिपणें आम्ही प्राध्यापकच पाठवितों. आम्हींहि तीं पाठविलीं आहेत, आणि त्याच मुलांनीं मूळ पुस्तक कां उघडलें नाहीं म्हणून वर्गांत त्यांस बोललोंहि आहों.

म्हणून आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. पाठ्यपुस्तक व प्रत्येक विषयाचे दोन-चार मूळ ग्रंथ छापील स्वरूपांत विद्यार्थ्याच्या हातीं असावेत. ई-पुस्तक कोश, संदर्भ व दुर्मिळ ग्रंथ यांच्या कामीं मनसोक्त वापरावें. आणि ई-पुस्तकांचा आंकडा दाखवून छापील मराठी पुस्तकांची खरेदी कोणत्याहि संस्थेनें कमी करूं नये. पालकांकडूनहि आम्हांस थोडें हवें आहे. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव या खेड्यानें २०२२ सालीं सायंकाळीं सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल व दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा निश्चय केला आणि तो अमलांत आणला. जें एका खेड्यास साधलें तें सुशिक्षित म्हणविणाऱ्या कुटुंबांस साधूं नये काय? त्या दीड तासांत बापानेंहि एक पुस्तक घेऊन मुलाशेजारीं बसावें. तेवढ्यानें आमचें निम्में काम होईल.

राहिली वाळवी. त्या वक्त्यास पुन्हां भेटण्याचा योग आला, तर आम्ही एवढेंच सांगूं कीं, महाराज, वाळवी पुस्तकांच्या कपाटास लागत नाहीं. ती न उघडलेल्या कपाटास लागते. त्याची किल्ली तेवढी मुलांच्या हातीं द्या.