मागच्या सीटवरची बाई

१३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला आणि सवयीने टीव्ही सुरू केला, तर पडद्यावर आगीचे लोळ. खाली पट्टी सरकत होती, पुण्यात नवले पुलाजवळ भीषण अपघात. माझे हातपायच गळाले. लेक शिकायला पुण्यात, नऱ्ह्याला राहते. क्लासहून येताना तिची स्कूटी रोज त्याच पुलाखालून जाते. फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आमचे हे "अगं, नेटवर्क नसेल" म्हणत होते, पण त्यांचाही चेहरा उतरलेला. वीसेक मिनिटांनी तिचाच फोन आला. "आई, रूमवर आहे गं मी. काय झालं?"

मैत्रिणींनो, त्या दिवशी आठ जण गेले. एक कंटेनर उतारावर आवरेना, पुढच्या गाड्यांना उडवत गेला, एक मोटार दोन अवजड गाड्यांमध्ये चिरडली आणि पेटली. तीन वर्षांपूर्वी, २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री, याच भागात एका ट्रकने अशीच वीसहून अधिक वाहनं चेपली होती. म्हणजे नशीब, साडेसाती वगैरे म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही. एकाच जागी पुन:पुन्हा होतं, त्याला कारण असतं.

कारण समजून घ्यायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत रस्ता सारखा उतरतच जातो. डिझेल वाचवायला काही चालक गाडी न्यूट्रलवर टाकतात, कुणी तर इंजिनच बंद करतात. मग गिअरची मदत नाही, सगळा भार एकट्या ब्रेकवर. उतारभर दाबून दाबून ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरेनासे होतात. खाली पोचावं तर तिथे शहर! नऱ्हे, आंबेगाव, धायरीची गर्दी, कॉलेजची पोरं, रिक्षा, भाजीवाले. महामार्ग आधी झाला, वस्ती नंतर त्याला येऊन चिकटली, आणि दोघांना वेगळं ठेवणारे धड सेवारस्ते झालेच नाहीत. प्रत्येक अपघातानंतर वेगमर्यादा कमी होते, रस्त्यावर पट्टे उमटतात, कॅमेरे लागतात. रस्त्याचा उतार मात्र तसाच.

त्या रात्री झोप लागली नाही. पुढे आठवडाभर मी आकडे वाचत बसले. एरवी वाणसामानाच्या यादीपलीकडे आकड्यांशी माझं जमत नाही! केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसं रस्त्यावर मेली. तासाला एकोणीस. आपला वरणभाताचा कुकर होईपर्यंत नऊ-दहा घरं उजाड. आपल्या महाराष्ट्रात १५ हजार २२४. एकट्या पुणे शहरात वर्षाला तीनशेच्या वर. देशातल्या शंभर मृत्यूंपैकी एकाहत्तर अतिवेगामुळे. आणि मला वाटायचं की घाटात, वळणावर जास्त अपघात होत असतील. तर तसं नाही, बहुतेक अपघात सरळ रस्त्यावर झालेले. रस्ता सरळ दिसला की पाय दाबला जातो, दुसरं काय!

पण मी थबकले ते दुसऱ्याच आकड्यापाशी. हेल्मेट नव्हतं म्हणून गेलेले ५० हजार २९. त्यातले १४ हजार ३३७ गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते. रोजचे एकोणचाळीस. मागे कोण बसतं हो आपल्याकडे? आपणच की. आणि मांडीवरचं लेकरू.

आमच्या तालुक्याच्या गावात रोज बघते. आता पुढच्या माणसाच्या डोक्यावर पोलिसाच्या धाकाने का होईना, हेल्मेट असतं. मागे बाई एका अंगाला पाय सोडून बसलेली, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने पोर धरलेलं, पदर वाऱ्यावर. तिला धरायला हातच उरलेला नाही. कायद्यात मागच्या माणसालाही हेल्मेट सक्तीचं आहे. शिवाय मोटारसायकलला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून निम्मं चाक झाकणारी जाळी हवीच, हाही केंद्राचाच नियम. शोरूममधून गाडी येते तेव्हा ती जाळी असते. चार दिवसांत घरातला मुलगा ती काढून टाकतो. का, तर "लुक जातो". आमच्या मंडळातल्या एकीची ओढणी अशीच चाकात गेली. पुढचे दोन महिने ती मान वळवू शकत नव्हती. वाचली, हे तिचं दैव.

मोटारीतही तेच. २०२२ मध्ये पट्टा न लावल्याने गेलेले चालक ८ हजार ३८४ आणि बरोबरचे प्रवासी ८ हजार ३३१. जवळजवळ निम्मे! उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात गेले, ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. त्याच गाडीत पुढे पट्टा लावून बसलेले दोघे वाचले. तेव्हा चार दिवस सगळ्यांनी मागे पट्टे लावले. आता पुन्हा लग्नाला जाताना मागच्या सीटवर चौघी आणि मांडीवर दोन पोरं असतातच. मीही बसले आहे, खोटं कशाला बोलू.

आता पैशाचं बोलते, कारण ते कुणी बोलत नाही. आमच्याकडे एक बाई नवऱ्याच्या गाडीवरून पडली. गतिरोधक दिसला नाही, समोरून दुसरं वाहन नाही. दीड लाखाच्या आसपास खर्च झाला. विमा होता, पण कंपनीने हात वर केले. कागद घेऊन वकिलाकडे गेलो तेव्हा कळलं, की सगळ्यात स्वस्त, फक्त "थर्ड पार्टी" विम्यात मागे बसणारी आपसूक धरली जात नाही, सर्वोच्च न्यायालयानेही तसंच सांगितलं आहे. पूर्ण विमा, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर ती धरली जाते. वाचवले किती, काही शे रुपये. तुमच्या घरची पॉलिसी कुठली, बघितलीय कधी? मी तोवर बघितली नव्हती.

दुसऱ्या वाहनाने उडवलं तर मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तिथे घरकामाचंही मोल धरतात. सर्वोच्च न्यायालयाने २००१ पासून हे सांगितलं, आणि जानेवारी २०२१ च्या निकालात तर २०११ च्या जनगणनेचा दाखला दिला. घरकाम हेच मुख्य काम असं सांगणाऱ्या बायका जवळजवळ सोळा कोटी, पुरुष अठ्ठावन्न लाखांच्या आत. "ती काय, घरीच असते" हे कोर्टात चालत नाही, घरात चालतं. अर्जाला सहा महिन्यांची मुदत २०१९ च्या दुरुस्तीने घातली, तेव्हा दहावं-तेरावं झालं की कागद हलवायला हवेत. शिवाय मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना आहे. आणि जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलीस साक्षीसाठी अडकवू शकत नाहीत, तसं कायद्यातच आहे. हे शेवटचं मी मंडळात सांगितलं, तर निम्म्या जणींचा विश्वास बसेना.

एक मात्र आपल्यावरच येतं. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या आलिशान मोटारीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, तेव्हा आपण सगळ्यांनी त्या घराला नावं ठेवली. ठीकच केलं. पण दहावीच्या पोराला "जा रे, दूध घेऊन ये" म्हणून किल्ली देतं कोण? २०१९ पासून कायदा सांगतो, अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. धाकट्याची किल्ली मी त्याच आठवड्यात कपाटात ठेवली. घरात तीन दिवस अबोला होता.

दिवाळीच्या भाऊबीजेची ओवाळणी पर्समध्ये तशीच होती. त्यातून आयएसआय खुणेची दोन हेल्मेटं घेतली, एक लेकीला, एक मला. आंबाड्यावर ते बसत नाही, म्हणून आता गाडीवर जायचं तर वेणी घालते. शेजारच्या काकू हसतात. परवा बाजारात निघाले तर हे म्हणाले, "इथल्या इथे तर जायचंय." मी काही बोलले नाही, पट्टा हनुवटीखाली अडकवला आणि मागे बसले.