निवडक मुलांची शाळा कीं सर्वांची शाळा?

शालांत परीक्षेचा निकाल लागला कीं, कोणत्या शाळेचे किती विद्यार्थी पहिल्या वर्गांत आले याची चर्चा घरोघर होते. त्या शाळेनें कोणास दार उघडलें व कोणास बाहेर ठेवलें, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. वस्तुतः शाळेची खरी कसोटी याच प्रश्नांत आहे, असें आमचें मत आहे.

या बाबतींत इंग्लंडचा अनुभव बोधप्रद आहे. १९४४ च्या कायद्यानें तेथें माध्यमिक शिक्षण सर्वांस मोफत झालें. परंतु बहुतेक ठिकाणीं अकराव्या वर्षाच्या सुमारास परीक्षा घेऊन मुलांची विभागणी होई. थोडीं मुलें ग्रामर स्कुलांत जात. बहुसंख्य मुलांच्या वांट्यास दुय्यम समजली जाणारी शाळा येई. एका उत्तरपत्रिकेनें अकरा वर्षांच्या बालकाचें भवितव्य ठरावें, हें पुष्कळ आईबापांस व शिक्षकांस असह्य झालें. अखेर १९६५ सालीं सरकारनें परिपत्रक काढून स्थानिक शिक्षणमंडळांस सर्वांसाठीं एकच शाळा करण्याची विनंती केली. आज तेथें बहुतेक गांवांत मुलगे व मुली, चलाख व मंद, एकाच शाळेंत शिकतात. केंटसारख्या कांहीं भागांत मात्र जुनी पद्धति अद्यापि चालू आहे.

हा विचार आपणांसहि परका नाहीं. १९२४ सालीं कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं साताऱ्यास वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींच्या मुलांस एका पंक्तीस बसविलें. आपल्याच जिल्ह्यांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डी येथें व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठीं कार्य केलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच कुरणावर नेली! पुढें कोठारी आयोगानेंहि (१९६४–६६) परिसरांतील सर्व मुलांस एकच शाळा असावी, अशी शिफारस केली.

आतां आपल्या वसईकडे पाहूं. २००९ सालीं महानगरपालिका झालेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या शिरगणतींत १२ लाखांवर गेली. बागाईतदार, कोळी, आदिवासी, आणि दूरदेशांहून पोटासाठीं आलेले मजूर येथें शेजारीं शेजारीं राहतात. त्यांचीं मुलें जर शाळेंतहि एकमेकांस भेटणार नसतील, तर कोठें भेटणार? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें खाजगी शाळांनीं प्रवेशाच्या वर्गांत २५ टक्के जागा दुर्बळ घटकांस द्याव्या असें ठरविलें. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अल्पसंख्याकांच्या शाळा त्यांतून वगळल्या. परंतु जें कायदा मागत नाहीं, तें सद्सद्विवेकबुद्धि मागूं शकते.

आणि प्रवेश दिला म्हणजे कार्य संपलें असें नव्हे. कित्येक शाळांत गुणांवरून तुकड्या पाडतात. 'अ' तुकडींतील मूल गर्वानें फुगतें. 'क' तुकडींतील मूल स्वतःस 'ढ' मानून पुस्तक मिटतें. हीच ती अकराव्या वर्षाची परीक्षा. फक्त ती शाळेच्या भिंतीआड होते.

यावर पालक म्हणतील, "मंद मुलांबरोबर बसून आमचा हुशार मुलगा मागें पडेल." ही भीति अगदींच निराधार नाहीं, शिक्षकानें दुर्लक्ष केलें तर तसें घडेलहि. परंतु सोबत्यास गणित समजावून देतांना तें आपणांस अधिक पक्कें होतें, हें प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. ज्यास एखादा विषय जड जातो त्यास शाळा सुटल्यावर अधिक तास द्यावा; त्यासाठीं त्याच्या कपाळीं शिक्का मारण्याचें कारण नाहीं. मुलगे व मुली एकत्र शिकण्याविषयींहि असेंच. शिक्षकांनीं डोळ्यांत तेल घालून पाहावें, हें खरें. पण पुढें कचेरींत, दवाखान्यांत व संसारांत ज्यांस एकत्र वागावयाचें आहे, त्यांनीं परस्परांचा आदर करण्यास शाळेंतच शिकणें उत्तम.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या बाकावरील सोबती कोणाचा कोण, हें न विचारतां त्यास आपली वही दाखवा. आणि पालकांनो, शाळा निवडतांना निकालाच्या आंकड्यांबरोबर हेंहि विचारा, कीं तेथें मागें पडलेल्या मुलाचा हात कोण धरतो. उद्यां कदाचित् तें मूल आपलेंच असेल.