रोग्याच्या उशाशी श्रद्धेचे स्थान

मनुष्य धडधाकट असतो तोवर आपल्या बुद्धीवर व कर्तृत्वावर भिस्त ठेवितो. परंतु घरात कोणी अंथरुणास खिळले, आणि त्यातून ते पोटचे लेकरू असले, म्हणजे भल्याभल्या बुद्धिमंतांचेही हात आपोआप जोडले जातात. ह्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि अशा वेळी प्रार्थना करणाऱ्यास हसणे हे सुधारकाचे कामही नव्हे. आमचा प्रश्न निराळा आहे. रोग्याच्या उशाशी बसलेली श्रद्धा डॉक्टरास दार उघडते, की आतून कडी लावून घेते? ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर श्रद्धेचे बरेवाईटपण ठरावे असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि त्यासाठी ख्रिस्ती धर्मातील रोगनिवारणाच्या इतिहासाइतके बोधप्रद उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. दार उघडणारी व कडी लावणारी अशा दोन्ही प्रकारच्या श्रद्धा त्यात आहेत, आणि दोहींचीही लेखी नोंद उपलब्ध आहे.

प्रथम त्या धर्माच्या मूळ ग्रंथाकडे पाहू. ख्रिस्ताने आंधळ्यांस डोळे दिले, पांगळ्यांस चालविले, कुष्ठ्यांस शुद्ध केले, अशा कथा शुभवर्तमानांत जागोजाग आहेत. आणि आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांस बोलवावे, त्यांनी त्यास तेल लावून प्रार्थना करावी, असा उपदेश याकोबाच्या पत्रात आहे. केवळ प्रार्थनेने रोग हटविण्याचा दावा करणारे उपदेशक एवढाच भाग लोकांपुढे मांडतात. परंतु त्याच ग्रंथात लूक हा वैद्य असल्याचा उल्लेख आदराने केलेला आहे. पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्यास पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सुचविले आहे. आणि चांगल्या शोमरोन्याच्या कथेत त्या दयाळू पुरुषाने घायाळ वाटसरूजवळ नुसती प्रार्थना केली नाही, तर जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, त्यास उतारशाळेत नेले, आणि शुश्रूषेच्या खर्चाचे पैसेही मोजून दिले. आणखी एक गोष्ट तर विशेष ध्यानात धरण्याजोगी आहे. दहा कुष्ठरोग्यांनी विनवणी केली तेव्हा ख्रिस्ताने त्यांस याजकांकडे जाऊन आपले शरीर दाखविण्यास सांगितले; कारण कुष्ठ आहे की गेले, हे तपासून ठरविण्याचा अधिकार तेव्हाच्या नियमशास्त्राप्रमाणे याजकांचा होता. म्हणजे बरे झाल्याचा दावा परीक्षकापुढे नेला पाहिजे, हा नियम आम्हा बुद्धिवाद्यांनी बाहेरून लादलेला नाही. तो त्या धर्माच्या घरातलाच आहे.

हा नियम पाळणारे एक प्रसिद्ध ठिकाण फ्रान्स देशात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी आहे. त्याचे नाव लूर्द. 1858 साली बर्नादेत सुबिरू नावाच्या चौदा वर्षांच्या एका गरीब मुलीस तेथे मेरीमातेचे दर्शन झाले अशी कॅथॉलिक लोकांची श्रद्धा आहे. आणि तेथील झऱ्याच्या पाण्यासाठी प्रतिवर्षी लक्षावधी यात्रेकरू व त्यांच्याबरोबर हजारो रोगी जातात. अशा ठिकाणी चमत्कारांच्या बातम्यांस काय तोटा? परंतु 1883 साली तेथे एक वैद्यकीय कचेरी स्थापन झाली. बरे झालो असे जो सांगेल त्याचे जुने कागद पाहावे. रोग खरोखर गंभीर होता काय, गुण एकाएकी व पूर्ण आला काय, तो पुढे टिकला काय, औषधाने तो आला असे म्हणता येईल काय, हे वर्षानुवर्षे तपासावे, असा तेथील परिपाठ आहे. डॉक्टरांनी फक्त ‘ह्याचा उलगडा आम्हांस होत नाही’ एवढेच म्हणावयाचे. त्यास चमत्कार म्हणावे की नाही, हे त्या रोग्याच्या प्रांताच्या बिशपाने ठरवावयाचे. अशा रीतीने बरे झाल्याचे सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले. त्यांपैकी 2025 सालापर्यंत धर्मसंस्थेने चमत्कार म्हणून मान्य केलेले किती? अवघे 72!

हे 72 खरोखर चमत्कार होते, की वैद्यशास्त्रास अद्याप न उमगलेले देहाचे व्यापार होते, हा वाद आम्ही येथे घालीत नाही. व्यापारी वाचकांस एवढेच सांगावयाचे की, जी पेढी आपल्याच दारी आलेली हजारो नाणी वाजवून घेते व त्यांतील फार थोडी पत्करते, तिची पत निराळी. आणि जो मंडपात उभा राहून, तपासावयाच्या आधीच, कुबड्या फेकावयास लावितो, त्याची पत निराळी. खुद्द बर्नादेतची हकीकतही विचार करण्यासारखी आहे. ती पुढे नव्हेर येथील मठात जोगीण झाली, तेथे रोग्यांची सेवा करू लागली, आणि दमा व क्षय ह्यांनी जर्जर होऊन 1879 साली पस्तिसाव्या वर्षी वारली. तिच्या श्रद्धेत काही उणे होते असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? मग ‘तुला गुण येत नाही, कारण तुझी श्रद्धा कमी आहे’ असे एखाद्या अभागी रोग्यास बजावणारा उपदेशक रोगाच्या दुःखावर अपराधाचे ओझे लादतो, ह्यापलीकडे काय करितो?

कोणी म्हणतील, प्रार्थनेचा परिणाम शास्त्रीय रीतीने पाहावा. तसेही झाले आहे. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयाच्या शस्त्रक्रियेस आलेल्या 1802 रोग्यांवर असा प्रयोग होऊन त्याचे फळ 2006 साली प्रसिद्ध झाले. रोग्यांचे तीन गट पाडले होते. पहिल्या दोन गटांस आपल्यासाठी प्रार्थना होईल की नाही हे माहीत नव्हते. त्यांतील एकासाठी ख्रिस्ती मंडळ्यांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही. शस्त्रक्रियेनंतर उपद्रव झालेल्यांचे प्रमाण पहिल्यात शेकडा 52 व दुसऱ्यात शेकडा 51 भरले. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांस निश्चित सांगितले होते, त्या तिसऱ्या गटात ते शेकडा 59 निघाले. ह्यावर नास्तिक म्हणतील की प्रार्थना निष्फळ ठरली; भाविक म्हणतील की परमेश्वर मनुष्याच्या परीक्षेस बसत नाही. दोघांसही आपापले मत लखलाभ असो! आम्हांस त्यात दिसते ते इतकेच की, त्या सर्वच्या सर्व 1802 रोग्यांवर शस्त्रक्रिया झाली. प्रार्थना करणाऱ्यांनी कोणासही शस्त्रक्रिया टाळा असे सांगितले नाही. रोग्यास धीर यावा, आपण एकटे नाही असे त्यास वाटावे, नातलगांचे मन खचू नये, ही श्रद्धेची कामे लहान नव्हेत. ती कामे तिने खुशाल करावी. शस्त्रवैद्याची जागा मात्र मागू नये.

आता कडी लावणाऱ्या श्रद्धेकडे वळू. अमेरिकेत मेरी बेकर एडी ह्या बाईंनी 1875 साली ग्रंथ लिहून व 1879 साली मंडळी स्थापून ‘ख्रिश्चन सायन्स’ नावाचा पंथ चालविला. रोग हा वस्तुतः मनाचा भ्रम असून तो प्रार्थनेने जातो, हे त्या पंथाचे सार होय. एखाद्या जाणत्या मनुष्याने स्वतःच्या देहापुरते असे मत धरिले, तर आम्ही त्यास समजावू. पण बळजबरी करणार नाही. परंतु मुलाचे काय? 1986 साली बॉस्टन शहरात ह्या पंथाच्या एका दांपत्याचे अडीच वर्षांचे मूल आतडे अडल्यामुळे पाच दिवस तळमळून मेले. त्या पाच दिवसांत पंथाचे प्रार्थनोपचारक आले; डॉक्टर एकदाही आला नाही. आतड्याचा तो विकार शस्त्रक्रियेने दूर होणारा होता. 1990 साली ज्युरीने आईबापांस दोषी ठरविले. 1993 साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरविला, पण कशास्तव? कायद्यातील प्रार्थनोपचाराच्या सवलतीने मनुष्यवधाच्या आरोपास आडकाठी येत नाही, हे न्यायालयाने सांगितले. मात्र आपले कृत्य कायदेशीर आहे असा त्या आईबापांचा समज सरकारी कायदेपंडिताच्या एका जुन्या अभिप्रायावरून झाला असणे शक्य आहे, ही बाजू ज्युरीपुढे यावयास हवी होती, असे त्याने ठरविले. त्याच वर्षी त्या राज्याने ती सवलत काढून टाकली. बालकास मात्र त्याचा काय उपयोग?

हा एकटाच प्रसंग असता तर आम्ही त्यास अपवाद म्हटले असते. परंतु 1975 ते 1995 ह्या वीस वर्षांत धर्मापायी औषध नाकारल्यामुळे मेलेल्या 172 अमेरिकन मुलांची छाननी 1998 साली बालरोगशास्त्राच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 140 मुलांचे रोग असे होते की, साधे उपचार मिळते तर जगण्याचा संभव शेकडा 90 हून अधिक होता! ह्या मृत्यूंस केवळ आईबापांचे अज्ञान कारण नव्हते. कायद्याचेही त्यास साह्य होते. 1974 सालच्या एका केंद्रीय नियमाने तेथील राज्यांस अशी धार्मिक सूट कायद्यात घालण्यास भाग पाडिले. तो नियम 1983 साली गेला, पण राज्याराज्यांत रुजलेल्या सवलती राहिल्या. ओरेगन राज्याने 2011 साली आपल्याकडील उरलीसुरली सूट रद्द केली. इतर अनेक राज्यांत ती कोणत्या ना कोणत्या रूपाने अद्याप आहे.

ह्यावर धर्मस्वातंत्र्याचा आक्षेप येणारच. धर्मस्वातंत्र्य आम्हांसही प्रिय आहे. परंतु अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने 1944 साली, लहान मुलीकडून रस्त्यावर धर्मपत्रके वाटविण्याच्या एका खटल्यात, ह्याचे उत्तर देऊन ठेविले आहे: आईबापांस स्वतः हुतात्मे होण्याची मोकळीक असेल, मुलांस हुतात्मे करण्याची नाही. दुसरा आक्षेप असा की, डॉक्टरांच्या हातूनही रोगी मरतात. मरतात खरे, पण डॉक्टरास आपल्या चुकीची जबाब द्यावी लागते, त्याचे कागद तपासले जातात, त्यास न्यायालयात खेचता येते. प्रार्थनोपचारकाचा रोगी मेला तर दोष कोणाचा? एकतर मृताच्या श्रद्धेचा, नाहीतर परमेश्वराच्या इच्छेचा! ज्या विद्येत गुणाचे श्रेय आहे व अपयशाचे उत्तरदायित्व नाही, तिच्या हाती मुलाचे प्राण कसे सोपवावे?

आपल्या प्रांतास ह्या विषयात आदर्श शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वान्लेस ह्यांनी अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने 1894 साली मिरजेस रुग्णालय काढिले. ते श्रद्धावान ख्रिस्ती होते. आणि त्यांची श्रद्धा शस्त्रक्रियेच्या मेजाशी उभी राहिली. ख्रिस्ती रोगनिवारण म्हणावे ते हेच, असे आम्ही म्हणतो.

कायद्याचीही वाट आपल्याकडे अर्धी चालून झाली आहे. महाराष्ट्राच्या 2013 सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने प्रार्थनेस बंदी केलेली नाही. पण कुत्रा, साप वा विंचू चावलेल्या मनुष्यास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र वा गंडेदोरे करणे हा अपराध ठरविला आहे. 2015 सालच्या बालन्याय कायद्यातही मुलाची जाणूनबुजून उपेक्षा करणे शिक्षापात्र आहे. आमची मागणी एवढीच की, विषारी दंशापुरते घातलेले हे कुंपण प्रत्येक प्राणघातक आजाराभोवती घालावे, आणि मुलांच्या बाबतीत कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही पंथाच्या नावे त्यात फट ठेवू नये. रोखणारा मांत्रिक असो, बाबा असो, की प्रार्थनोपचारक असो, कायद्याने त्याचा पोशाख पाहू नये. रोग्याच्या व डॉक्टरांच्या मध्ये कोण उभा राहिला, एवढेच पाहावे.

सरकार काय करील ते करो. तोवर प्रार्थनासभा भरविणाऱ्या प्रत्येक धर्मोपदेशकाने सभेच्या शेवटी एवढे तरी उघड सांगावे की, चालू औषध कोणी बंद करू नये, आणि गुण आला असे वाटल्यास आधी डॉक्टरास दाखवावे. ज्यास हे दोन शब्द सांगणे जड वाटते, त्याच्या मंडपात आपले आजारी माणूस नेऊ नये, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.