खरजेवरचे सर्वोत्तम औषध कोणते? एका प्रश्नाचा सव्वातीनशे वर्षांचा इतिहास

१/ गंधक, बेंझिल बेंझोएट, लिंडेन, परमेथ्रिन, आयव्हरमेक्टिन. खरजेवरच्या औषधांची ही वंशावळ बहुधा प्रगतीची कथा म्हणून सांगितली जाते : प्रत्येक नवे औषध जुन्याहून सरस. मला हा इतिहास वेगळा दिसतो. औषध कोणते, यापेक्षा ते किती जणांना आणि कसे दिले, यावर खरजेचे भवितव्य ठरत आले आहे. या मताच्या समर्थनार्थ हा धागा.

२/ आधी रोग समजून घेऊ. खरजेचा किडा हा आठ पायांचा, अर्धा मिलिमीटरही न भरणारा परोपजीवी. मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालते. शरीर तिला प्रतिकार करू लागले की खाज सुटते. पहिल्या लागणीत त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात बाधित माणूस नकळत रोग पसरवत असतो. हा मुद्दा पुढे कामी येईल.

३/ कारण कळण्याच्या कितीतरी आधी औषध सापडले होते. आपल्या रसशास्त्रात गंधकाचे एक नाव ‘पामारि’ असे आहे, म्हणजे पामेचा, खरजेसारख्या त्वचारोगाचा शत्रू. युरोपातही गंधकाचे मलम शतकानुशतके वापरात होते. गुण येत असे. पण तो का येतो, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

४/ १६८७ मध्ये जिओव्हानी कोझिमो बोनोमो या इटालियन वैद्याने फ्रान्चेस्को रेदी यांना लिहिलेल्या पत्रात खरजेच्या किड्याचे वर्णन केले. या कामात दियाचिंतो चेस्तोनी हा औषधविक्रेता त्याचा सहकारी होता. गरीब स्त्रिया खरजेने पिडलेल्या मुलांच्या अंगातून टाचणीने काहीतरी काढतात, या निरीक्षणातून शोधाची वाट निघाली. विद्वानांच्या आधी हे ज्ञान आयांच्या हाती होते.

५/ तरीही वैद्यकविश्व दीर्घकाळ शरीरातील दूषित द्रवांनाच दोष देत राहिले. १८१२ मध्ये पॅरिसच्या गालेस याने किडा सापडल्याचा दावा केला, पण त्याने प्रबंधात छापलेले चित्र चीजमधल्या किड्याचे निघाले! अखेर १८३४ मध्ये रेनुची या कॉर्सिकन विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सुईने खरा किडा काढून दाखवला. ही युक्ती त्याने आपल्या बेटावरच्या गरीब स्त्रियांकडून पाहिली होती.

६/ आता कारण ठाऊक, औषधही ठाऊक. मग रोग संपायला हवा होता. तो संपला नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये खरूज इतकी पसरली की १९४१ मध्ये सरकारला खास आदेश काढावा लागला. रुग्णाच्या घरातील इतरांचीही तपासणी आणि उपचार करण्याचे अधिकार आरोग्याधिकाऱ्यांना मिळाले. संशय मुख्यतः कपड्यांवर आणि अंथरुणांवर होता. त्यांच्या निर्जंतुकीकरणावर बराच खर्च होत असे.

७/ याच सुमारास केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने शेफील्डमध्ये प्रयोग आरंभले. युद्धात शस्त्र हाती घेण्यास तत्त्वतः नकार देणारे तरुण स्वेच्छेने त्यात सहभागी झाले. ते रुग्णांची न धुतलेली अंतर्वस्त्रे घालून फिरले, त्यांच्या ब्लँकेटांत झोपले. अशा ६३ प्रयोगांत लागण झाली फक्त २ वेळा. मात्र रुग्णासोबत एकाच अंथरुणात झोपल्यावर रोग पसरला.

८/ मेलनबीने रुग्णांच्या अंगावरचे किडे मोजलेही. प्रौढ माद्यांची सरासरी भरली जेमतेम ११. खाजेने रात्र रात्र जागवणारे शत्रूसैन्य एवढेच! बेंझिल बेंझोएट मानेपासून तळपायापर्यंत नीट लावले, तर एकच लेप बहुतेकांना पुरतो, हेही त्याने दाखवले. माझ्या मते निष्कर्ष उघड होता : रोग त्वचेत दिसतो, पण टिकून राहतो तो घराघरांतल्या निकट सहवासात.

९/ पुढे औषधे बदलत गेली. लिंडेन प्रभावी होते, पण मज्जासंस्थेला अपायकारक. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचा समावेश झाला. परमेथ्रिन इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडच्या प्रयोगशाळेत घडले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल निःसंशय मोलाचा होता. प्रगती झालीच नाही, असे माझे म्हणणे नाही.

१०/ आयव्हरमेक्टिनचे मूळ सातोशी ओमुरा यांनी जपानच्या मातीतून मिळवलेल्या एका सूक्ष्मजीवात आहे. त्यांना आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. ही पोटात घेण्याची गोळी आहे. ती अंडी मारत नाही, म्हणून एक-दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. गरोदर स्त्रिया आणि १५ किलोंहून कमी वजनाची बालके यांना ती सहसा देत नाहीत.

११/ आता मूळ प्रश्न : परमेथ्रिन की आयव्हरमेक्टिन? एकेकट्या रुग्णावरील चाचण्या एकत्र पाहिल्या, तर काही आठवड्यांनंतर दोहोंचा गुण जवळपास सारखाच दिसतो. इथेच थांबलो तर ‘दोन्ही सारखीच’ म्हणून विषय संपेल.

१२/ पण २०१५ मध्ये फिजी बेटांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटात फक्त रुग्ण आणि त्यांच्या संपर्कातील लोकांना परमेथ्रिन, दुसऱ्यात सर्वांना परमेथ्रिन, तिसऱ्यात सर्वांना आयव्हरमेक्टिन. वर्षभरात खरजेचे प्रमाण अनुक्रमे ४९, ६२ आणि ९४ टक्क्यांनी घटले. एका रुग्णात तुल्यबळ ठरलेली औषधे गावात मात्र तुल्यबळ राहिली नाहीत.

१३/ असे का? गोळी कार्यकर्त्यासमोर गिळता येते. मलम अंगभर लावून आठ ते बारा तास ठेवायचे असते. दाटीच्या घरात तेवढा आडोसा, वेळ आणि पाठीला मलम लावणारा हात कुठून आणायचा? आणि ज्यांना अजून खाजच सुटलेली नाही, त्यांना मलम लावण्याची निकड तरी का वाटावी? एवढा मोठा फरक केवळ रसायनाचा असेल, असे मला वाटत नाही.

१४/ जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये खरजेला ‘दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगां’त स्थान दिले. आपल्याकडे मात्र वसतिगृहात एखाद्या मुलाला खरूज झाली की त्याला ‘अस्वच्छ’ ठरवून वेगळे बसवले जाते, हातात मलमाची एक नळी दिली जाते आणि शेजारच्या खाटेवरचा मुलगा तसाच राहतो. शेफील्डच्या प्रयोगांना ऐंशी वर्षे उलटली, तरी आपण अजून चादरीलाच दोष देतो.

१५/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. औषधांची तुलना वाचताना ‘कोणते सरस?’ एवढेच विचारू नका. ‘मोजमाप कोणाचे केले, एका देहाचे की अख्ख्या घराचे?’ हेही विचारा. खरजेपुरते माझे उत्तर असे : एका खोलीतल्या सर्वांना, एकाच दिवशी मिळते ते औषध सरस. सहमत नसाल तर आक्षेप जरूर नोंदवा.